विश्लेषण : शिरूर-दौंडमधील जुनी घरे दुरुस्त का होत नाहीत?

माळवदाचे घर पाडायचे की सावरायचे, हा प्रश्न शिरूर आणि दौंड तालुक्यांत दर पावसाळ्याच्या तोंडावर नव्याने उभा राहतो. गवंडी भिंत बघून खर्च सांगतो; पण काम अडते ते बहुतेक वेळा उताऱ्यावरच्या नावांपाशी. घराचे बांधकाम, मालकीचे कागद आणि सरकारी मदत या तिन्ही गोष्टी एकमेकांत कशा गुंतल्या आहेत, ते पाहू.

प्रश्न आताच का?

शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतील तालुके. इथली जुनी घरे कमी पाऊस गृहीत धरून बांधलेली आहेत. पण आता पाऊस थोड्या दिवसांत, एकदम कोसळतो. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मे रोजीच महाराष्ट्रात दाखल झाला आणि त्याच सुमारास बारामती, दौंड, इंदापूर पट्ट्याला त्याने झोडपून काढले. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत छपराची डागडुजी उरकणाऱ्यांना तेवढाही वेळ मिळाला नाही.

ही घरे नेमकी कशी आहेत?

या भागात ढोबळमानाने तीन पिढ्यांची घरे दिसतात. पहिली, गावठाणातील वाडे आणि माळवदाची घरे : दगड किंवा पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब-तुळया, फळ्या आणि त्यावर मातीचा थर. दुसरी, मातीच्याच भिंतींवर नंतर पत्रे टाकलेली घरे. तिसरी, तीस-चाळीस वर्षांपूर्वीची स्लॅबची घरे. शिरूर म्हणजे जुन्या घोडनदीच्या पेठेत आणि रेल्वे जंक्शनमुळे वाढलेल्या दौंड शहरात ही तिन्ही घरे एकाच गल्लीत सापडतात. तिघांची दुखणी वेगळी असतात, उपाय मात्र सरसकट एकच केला जातो : सिमेंट.

सिमेंटने नुकसान कसे होते?

मातीची भिंत जमिनीतली ओल शोषते आणि पृष्ठभागावरून बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते. मग ती भिंतीत वर चढते, सोबत क्षार आणते आणि लोणा लागतो. दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगतो आणि पडताना मातीचा थरही घेऊन पडतो. आतले लाकूड ओले राहिल्याने वाळवीला आमंत्रण मिळते ते वेगळेच. अशा भिंतींना चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा योग्य ठरतो. अडचण अशी, की चुन्याचे काम जाणणारे कारागीर आता कमी उरले आहेत.

जुन्या स्लॅबचे गणित उलटे आहे. तिथे पाणी आत शिरून सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि खालचे काँक्रीट पापुद्र्यासारखे सुटते. त्यावर नुसता गिलावा मारून रंग दिला तर गंज आत सुरूच राहतो. सैल काँक्रीट काढून, सळई घासून, गरज असेल तिथे नवी सळई जोडून मगच थर द्यावा लागतो. आणि वरून गच्चीची गळती थांबल्याशिवाय खालून केलेले काम टिकत नाही.

माळवदावर दरवर्षी माती टाकण्यात धोका काय?

गळती थांबवण्याचा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जोखमीचा उपाय आहे. दहा बाय बाराच्या खोलीवर एक इंच मातीचा थर म्हणजे सुमारे अर्धा टन वजन. जुना थर न काढता दहा वर्षे अशी भर पडली, तर पाच टनांच्या आसपास जादा भार त्याच जुन्या तुळयांवर येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे दगावली, त्यामागे हेच कारण होते : मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचे जाड, जड छप्पर. म्हणून नवी माती टाकण्याआधी जुनी खरवडून काढणे आणि तुळईची टोके जिथे भिंतीत शिरतात तिथे लाकूड कुजले आहे का ते तपासणे, ही दोन कामे टाळू नयेत.

मग स्लॅब टाकून मजला चढवला तर?

रांजणगाव आणि कुरकुंभ औद्योगिक वसाहतींमुळे आसपासच्या गावांत भाड्याच्या खोल्यांना मागणी आहे. त्यामुळे जुन्या भिंती तशाच ठेवून वर स्लॅब ओढण्याचा मोह होतो. पाच इंची स्लॅबचे वजन चौरस फुटाला सुमारे ३० किलो, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीला साडेतीन टन. वर आणखी भिंती आणि माणसे आली की मातीत रचलेली भिंत तो भार पेलेलच असे नाही. भीमाकाठच्या आणि कालव्याखालच्या काळ्या जमिनीत आणखी एक अडचण येते. ही माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पाया हलतो. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या तिरप्या भेगा हे त्याचेच लक्षण. त्या लांबीने बुजवल्या तरी पुढच्या उन्हाळ्यात परत दिसतात.

नमुना आठ आहे, मग कागद कमी कुठे पडतो?

ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे. तो मालकीचा निर्णायक पुरावा नाही, त्यामुळे बँका गृहदुरुस्ती कर्जाला केवळ त्यावर सहसा पुढे येत नाहीत. शेताला सातबारा असतो. गावठाणातल्या अनेक घरांना मात्र तितका ठोस कागद वर्षानुवर्षे नव्हता. ही उणीव भरण्यासाठी ड्रोनने गावठाण मोजणी सुरू झाली. तिचा पथदर्शी प्रयोग पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात झाला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने ‘स्वामित्व’ योजना जाहीर केली आणि १८ जानेवारी २०२५ रोजी एकाच दिवशी देशात ६५ लाखांहून अधिक मालमत्ता पत्रकांचे वाटप झाले.

पण पत्रकावर नाव कोणाचे, हा खरा पेच आहे. आजोबांच्या नावावरचे घर, वारस दहा-बारा, त्यातले निम्मे पुण्या-पिंपरीत. राहणारा एकच भाऊ असतो. तो पैसे घालायला कचरतो, कारण उद्या वाटणी झाली तर खर्च कोण भरून देणार? बाकीचे दुरुस्तीला होकार देत नाहीत, कारण त्यातून हक्क सुटेल अशी भीती असते. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि तेवढ्यात भिंत पडते.

इथे एक कायदेशीर बदल लक्षात ठेवायला हवा. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २३ नुसार पूर्वी राहत्या घराची वाटणी मागण्याचा हक्क मुलींना नव्हता. पुरुष वारसांनी वाटणी करेपर्यंत त्यांना थांबावे लागे. ९ सप्टेंबर २००५ पासून ते कलम गेले आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. त्यामुळे बहिणींना वगळून केलेली तोंडी वाटणी पुढे अडचणीची ठरू शकते. बहिणीला हक्क सोडायचाच असेल, तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवे.

सरकारी मदत कोणत्या घराला?

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात. पण ते बेघर किंवा कच्च्या घरात राहणाऱ्या पात्र कुटुंबाला नवे घर बांधण्यासाठी. जुन्या वाड्याच्या डागडुजीला त्यातून पैसे मिळत नाहीत.

अतिवृष्टीत पडझड झाली तर आपत्ती निधीतून मदत आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६ हजार ५०० आणि कच्च्या घराला ४ हजार रुपये ठरले. अंशतः नुकसान किमान १५ टक्के असावे लागते आणि बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे कागदाचा प्रश्न इथेही सुटत नाही.

आधी काय करावे?

गिलावा, रंग, फरशी, त्याच जागी दार-खिडकी बदलणे अशा किरकोळ कामांना बांधकाम परवानगी लागत नाही. मजला चढवायचा असेल किंवा भिंती हलवायच्या असतील, तर लागते. दोन्ही तालुक्यांतील काही गावे पीएमआरडीएच्या हद्दीत आहेत. तिथे आणि नगरपरिषद हद्दीत चौकशीचे कार्यालय वेगळे असते.

क्रम मात्र सगळीकडे सारखाच ठेवता येतो. पहिल्यांदा वारसनोंद आणि मालमत्ता पत्रकावरील नावे तपासावीत. मग सर्व हिस्सेदारांत खर्च कोण करणार आणि वाटणीत तो कसा धरणार, याचे लेखी ठरवावे. तिसऱ्या पायरीला अभियंत्याकडून पाया, तुळया आणि भिंतींची पाहणी करून घ्यावी. गळती आणि सांडपाण्याचा निचरा ही कामे पावसाआधी, रंग आणि फरशी सर्वांत शेवटी. घर पाडायचेच ठरले, तर आधी चारही बाजूंनी मापासह फोटो काढून ठेवावेत. पाडल्यानंतर शेजाऱ्याशी सामाईक भिंतीवरून वाद झाला, तर तेच उपयोगी पडतात.