‘पारंपरिक’ म्हणजे कुणाचं?



आठ मार्चचा कार्यक्रम आटोपून आम्ही पाच-सहा जणी सात रस्त्याला रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. सोबत पूर्व भागात राहणारी एक बिडी कामगार बाई होती. पन्नाशी उलटलेली, घरात तेलुगू, बाहेर मराठी. सभेत टाळ्यांच्या ठेक्यावर आम्ही सगळ्यांनी जे गाणं म्हटलं, ते तिचं. शब्द तिचे, चाल तिची, आणि बारा-तेरा वर्षांपूर्वी एका मोर्चात पहिल्यांदा म्हटलं तेही तिनंच. तिच्या पिशवीत आमच्या संघटनेनं छापलेली गाण्यांची पुस्तिका होती. ती काढून तिनं विचारलं, “ताई, माझ्या गाण्याखाली एक शब्द हाय. नातीनं वाचला, पण तिला अर्थ सांगता येईना.” शब्द होता, ‘पारंपरिक’.

“म्हणजे कुणाचं?”

“म्हणजे... सगळ्यांचं,” मी म्हणाले.

“बिडीच्या बंडलावर मालकाचं नाव असतंय बघा,” ती म्हणाली. “आमचं नसतंय, पण कुणाचं तरी असतंय की.”

रिक्षा आली, ती गेली. मी मात्र शरमेनं गप्प झाले होते. कारण त्या पुस्तिकेची मुद्रितं मीच तपासली होती.

घरी आल्यावर भाचीला हे सांगितलं. ती कॉलेजात शिकते आणि कानात सदैव जपानी गाणी. ती म्हणाली, “मावशी, तिकडे अशा बाईला सिंगर-साँगरायटर म्हणतात. स्वतः लिहिते, स्वतः चाल लावते, स्वतः गाते.” आणि तिनं मला युमी अराईची हकिगत सांगितली. १९५४ साली हाचिओजी गावात जन्मलेली. हे गाव रेशीम विणणाऱ्यांचं, म्हणजे आपल्या सोलापूरच्याच जातकुळीचं म्हणा ना! घरी किमोनोच्या कापडाचं दुकान. या मुलीला मुळात गायचं नव्हतं, दुसऱ्यांना गाणी करून द्यायची होती. १९७२ साली तिची पहिली रेकॉर्ड निघाली आणि पुढची पन्नास वर्षं ती जपानमध्ये गाजत राहिली. २०२२ साली तिथल्या सरकारनं तिचा सन्मान केला.

पण थांबा. १९७६ साली तिनं आपल्या संगीत संयोजकाशी लग्न केलं आणि त्यानंतरच्या रेकॉर्डवर नाव आलं युमी मात्सुतोया! जपानच्या कायद्यानं नवरा-बायकोचं आडनाव एकच असावं लागतं. कुणाचं ठेवायचं ते म्हणे जोडप्यानं ठरवायचं. शंभरातल्या पंचाण्णव जोडप्यांत बाईच बदलते. २०१५ आणि २०२१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा योग्यच ठरवला. तरीही रेकॉर्डवर नाव राहिलं ते तिचं आणि गाणी तिच्याच हिशेबात जमा झाली. मग १९८२ साली तिनं एका तरुण गायिकेला चाली करून दिल्या त्या ‘कुरेदा कारुहो’ या टोपणनावानं. आपल्या नावाच्या वलयाशिवाय गाणं कसं वाटतं हे तिला पाहायचं होतं. नाव कमावून झाल्यावर ते बाजूला ठेवणं आणि नाव मिळण्याआधीच ते पुसलं जाणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आपल्याकडे काय झालं? लता मंगेशकरांचा गळा घराघरात पोचला, पण त्या संगीतकारही होत्या हे किती जणींना ठाऊक आहे? ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४), ‘साधी माणसं’ (१९६५), ‘तांबडी माती’ (१९६९) या चित्रपटांचं संगीत त्यांनी दिलं ते ‘आनंदघन’ या नावाआड. ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला. आनंदघन हे नाव पुकारलं गेलं तेव्हा कुणी उठेना आणि मग गुपित फुटलं, असं सांगतात. शांता शेळके यांनीही काही चित्रपटगीतं ‘डॉ. वसंत अवसरे’ या नावानं लिहिली. त्या सेन्सॉर बोर्डावर होत्या, ही अडचण खरी. पण टोपणनाव घेताना ते पुरुषाचंच का सुचावं? आणि वर डॉक्टर! ‘रेशमाच्या रेघांनी’ ही लावणी आठवा. शब्द शांताबाईंचे, चाल लताबाईंची, गळा आशाबाईंचा. अख्खं गाणं तीन बायकांनी उभं केलं, आणि श्रेयनामावलीत संगीतकार कोण, तर आनंदघन.

या तर नावाजलेल्या बायका. बहिणाबाई चौधरींचं काय झालं असतं? त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव कवी होता म्हणून ते शब्द कागदावर उतरले आणि बाई गेल्यानंतर १९५२ साली पुस्तक निघालं. मुलगा कवी नसता, तर आज आपण बहिणाबाईंना ‘खानदेशी लोकगीत’ म्हणून ओळखलं असतं.

संघटनेच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा उत्तर आलं, “चळवळीत मी-माझं कशाला? गाणं सामूहिक असतं.” ऐकायला किती छान! मग मी विचारलं, सोलापूरच्या राम जोशींचं नाव दोनशे वर्षं कसं टिकलं? लावणीच्या शेवटी शाहीर आपलं नाव गुंफतो ते उगाच? बार्शीचे अमर शेख तर चळवळीचेच शाहीर. त्यांच्या कवनाखाली ‘पारंपरिक’ छापायची आपली हिंमत होईल? सामूहिकता फक्त बाईच्या गाण्यालाच कशी आठवते? आणि राम जोशींच्या लावण्या ज्या बायकांनी गायल्या, नाचल्या, त्यांची नावं कुणी सांगावीत!

दुसरी सबब अशी की इतक्या जुन्या गाण्यांचा शोध कसा घ्यायचा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आणि ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव, गाव नोंदवलं. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं. आमची बाई तर दर आठवड्याला बैठकीला येते. तिला विचारायला कुठं गावोगाव फिरायचं होतं?

आणि प्रश्न नुसत्या मानाचा नाही, पैशाचाही आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटातलं गाणं थिएटरबाहेर वाजलं की गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क आहे, आणि निर्मात्याला तो लिहून घेता येत नाही. पण हा हक्क सांगायला आधी गीतकार म्हणून नाव हवं. ‘पारंपरिक’ म्हटलं की कुणीही उचलावं, मोबाईलवर टाकावं, निवडणुकीच्या गाडीवर वाजवावं. दिवसभर मांडीवर सूप घेऊन हजार बिड्या वळायच्या, त्यातल्या काही मालकानं बाद ठरवायच्या, आणि डोक्यातून निघालेलं गाणं फुकट! बिडीची निदान मजुरी तरी मिळते.

पुस्तिकेची नवी आवृत्ती निघते आहे. मी बैठकीत तीन गोष्टी मागितल्या आहेत: प्रत्येक गाण्याखाली करणारीचं नाव आणि वस्ती, विक्रीतला ठरावीक वाटा तिच्या हातात, आणि ‘पारंपरिक’ छापण्याआधी किमान तीन वस्त्यांत चौकशी. पहिली मागणी मान्य झाली. दुसरीवर खूप वाद झाला. ‘बायका पैशासाठी गाणी करायला लागतील’ असंही एकीनं म्हटलं. (मग करू देत की!) तिसरी पुढच्या बैठकीवर गेली आहे.

तुमच्या गटानंही पुस्तिका काढली असेल तर ती आज उघडा आणि त्यात ‘पारंपरिक’ किती ठिकाणी छापलंय ते मोजा. आमच्या पुस्तिकेत एकतीस गाणी आहेत. त्यातली चौदा ‘पारंपरिक’. त्या चौदांपैकी पाच करणाऱ्या बायका मला दोन आठवड्यांत सापडल्या. दोघी तर माझ्याच गल्लीत राहतात.