जैतापूरची वीज आणि तुमची तब्येत: भीती नेमकी कशाची बाळगायची?

जैतापूरचे नाव बातम्यांत आले की माझ्या दवाखान्यात आठवडाभर तेच प्रश्न येतात. पुण्यात कोकणातली माणसे भरपूर आहेत. कुणाचे आईवडील राजापूरला, कुणाची बाग देवगडला. "डॉक्टर, तिथे अणुभट्टी झाली तर कॅन्सर वाढेल का?" "आयोडीनच्या गोळ्या आत्तापासून आणून ठेवू का?" "आधीच थायरॉइड आहे, मग गावी राहायला जाऊ की नको?" प्रश्न रास्त आहेत. उत्तरे मात्र बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपवरून येतात, आणि तिथे एक तर सगळे मरणार असतात किंवा कुणालाच काही होणार नसते.

आधी थोडी पार्श्वभूमी. राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या सड्यावर प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, म्हणजे एकूण ९९०० मेगावॉट, अशी ही योजना आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण खात्याने अटी घालून परवानगी दिली आणि डिसेंबरात फ्रान्सशी करार झाले. मार्च २०११ मध्ये जपानला फुकुशिमा घडले. पुढच्याच महिन्यात जैतापूर परिसरातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर इतकी वर्षे बोलणी चालूच आहेत, बांधकाम नाही. त्याच जातीची अणुभट्टी फ्रान्सने स्वतःच्या देशात, फ्लामानव्हिलला, २००७ मध्ये बांधायला घेतली. तिची वीज जाळ्यात आली डिसेंबर २०२४ मध्ये.

विषय आत्ता पुन्हा तापला आहे, कारण देशाने २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज करायचे ठरवले आहे. आज आपल्याकडे नऊसुद्धा नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा संमत केला, खासगी कंपन्यांना या क्षेत्राचे दार उघडले, आणि १९६२ चा अणुऊर्जा कायदा व २०१० चा नुकसानभरपाईचा कायदा हे दोन्ही बाजूला झाले. बांगलादेशात रूपपूरला, तुर्कस्तानात अक्कुयूला, इजिप्तमध्ये एल दाबाला याच वाटेने कामे सुरू झाली आहेत. विजेची भूक मोठी आणि तंत्रज्ञान बाहेरून, अशी ही तिन्ही ठिकाणे आहेत.

रोजच्या किरणोत्सर्गाचे काय?

किरणोत्सर्गाचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून येणारे किरण मिळून जगात सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. छातीचा एक्स-रे ०.१ किंवा त्याहून कमी. पोटाचा सीटी स्कॅन साधारण ८ ते १०. अणुऊर्जा केंद्रामुळे आसपासच्या नागरिकाला वर्षाला जास्तीत जास्त १ मिलिसिव्हर्ट मिळावा, ही आपल्या नियामक मंडळाची मर्यादा आहे, आणि प्रत्यक्षातली मोजमापे तिच्या बरीच खाली असतात. म्हणजे डोके दुखते म्हणून हट्टाने सीटी करून घेणाऱ्या माणसाने तारापूरच्या किरणोत्सर्गाची चिंता करावी, हे गणितात बसत नाही. (हट्ट करणाऱ्यांनी रागावू नये. पण तो हट्ट मी रोज पाहतो.)

केरळात करुनागप्पल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतच थोरियम आहे. काही वस्त्यांत लोकांना पिढ्यान्‌पिढ्या नेहमीच्या कित्येक पट किरणोत्सर्ग मिळत आला आहे. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने तिथल्या लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा त्या किरणोत्सर्गामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जर्मनीत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ अणुऊर्जा केंद्रांच्या पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, पाच वर्षांखालच्या मुलांत रक्ताचा कर्करोग अपेक्षेपेक्षा जास्त दिसला. आकडा लहान होता, २४ वर्षांत ३७ मुले. तिथला मोजलेला किरणोत्सर्ग इतका कमी होता की त्याने हे घडले असे म्हणता येईना, आणि दुसरे कारणही पक्के सापडले नाही. असा अभ्यास दडपायचा नसतो आणि त्यावरून घरही विकायचे नसते. त्यातून एकच गोष्ट ठरते: मोजत राहायचे.

मोजण्याबाबत आपण कुठे आहोत? मुंबईत १९६३ मध्ये देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. अशा नोंदणीत ठरावीक भागातल्या प्रत्येक नव्या रुग्णाची नोंद होते. प्रकल्पाच्या आधीची दहा वर्षे हातात असतील तरच नंतरची वाढ खरी की भासमान हे कळते. बोईसर-तारापूरचे उदाहरण घ्या. तिथे १९६९ पासून अणुवीज आहे, आणि शेजारीच रासायनिक कारखान्यांची एवढी मोठी वसाहत आहे की तिच्या सांडपाण्याचा प्रश्न हरित लवादापर्यंत गेला. तिथल्या माणसाला दमा झाला, त्वचारोग झाला, गाठ आली, तर बोट कुणाकडे दाखवायचे? किरणोत्सर्गाने झालेल्या कर्करोगावर शिक्का नसतो. तो दहा-वीस वर्षांनी येतो आणि तंबाखूने झालेल्या कर्करोगासारखाच दिसतो. आधीची नोंद नसेल तर भरपाई मागणाऱ्याकडे पुरावा नाही आणि कंपनीकडेही निर्दोषत्वाचा पुरावा नाही. यात पहिल्याचेच जास्त नुकसान होते, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

अपघात झालाच तर?

माझ्या मते खरी चिंता इथे आहे, आणि ती बहुतेक लोक समजतात तशी नाही.

चेर्नोबिलला १९८६ मध्ये स्फोटानंतर किरणोत्सारी आयोडीन हवेतून गवतावर पडले, गवतातून गायीच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या थायरॉइडमध्ये गेले. पुढच्या वीस वर्षांत सहा हजारांहून अधिक जणांना, जे तेव्हा लहान होते, थायरॉइडचा कर्करोग झाला. उपचार मिळाल्यामुळे त्यातले बहुसंख्य वाचले. दूध वेळीच बंद केले असते तर यातले पुष्कळ टळले असते. पोलंडने त्याच वेळी सुमारे एक कोटी मुलांना आयोडीन पाजले.

फुकुशिमाची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या रहिवाशांत किरणोत्सर्गामुळे थेट आजार झाल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीला आढळले नाही. मुलांच्या थायरॉइडच्या गाठी बऱ्याच सापडल्या, पण त्याचे मुख्य कारण हजारो मुलांची केलेली बारीक सोनोग्राफी हे असावे, असे समितीचे मत पडले. मग माणसे मेली कशाने? हलवाहलवीने. दीड लाखावर लोक घरांतून निघाले. फुताबा रुग्णालय अणुभट्टीपासून पाच किलोमीटरच्या आत होते. तिथले आणि शेजारच्या वृद्धाश्रमातले अंथरुणाला खिळलेले रुग्ण बसमध्ये बसवून तासन्‌तास फिरवले गेले. औषध नाही, सलाइन नाही, सोबत पुरेसे कर्मचारी नाहीत. चाळीसहून अधिक जण दगावले. नंतरच्या वर्षांत निर्वासितांच्या छावण्यांत औषधे चुकली, रक्तदाब आणि मधुमेह बिघडले, दारू वाढली, आत्महत्या झाल्या. त्या एका प्रांतात अशा मृत्यूंची सरकारी नोंद दोन हजारांच्या पुढे गेली.

आता हेच चित्र कोकणात ठेवून पाहा. आपत्कालीन नियोजन साधारण १६ किलोमीटरच्या परिघात करतात. माडबनभोवती हा परिघ काढला तर खाडीपलीकडचा विजयदुर्ग त्यात येतो. म्हणजे जिल्हे दोन, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, जिल्हाधिकारी दोन आणि आरोग्य यंत्रणाही दोन. घाटावर यायला अणुस्कुरा किंवा गगनबावडा, आणि पावसाळ्यात दरड कधी कोसळेल याचा नेम नाही. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी काही बोलत नाही, तुम्ही त्यावरून गेला आहात. गावात मागे राहिलेली माणसे बहुतेक साठीच्या पुढची, कारण मुले मुंबई-पुण्याला. आजही तिथल्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला तर रत्नागिरी किंवा कोल्हापूर गाठेपर्यंत मोलाचे तास निघून जातात. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, ही चांगली गोष्ट. पण किरणोत्सर्ग नसताना जो रुग्ण वेळेत पोहोचत नाही, तो हजारो माणसे एकाच रस्त्यावर आल्यावर कसा पोहोचणार?

म्हणून मी प्रकल्पाच्या बाजूचा की विरोधातला, असे कुणी विचारले की मी हॉस्पिटलबद्दल बोलू लागतो. कोळशाची वीज निरुपद्रवी नाही. चंद्रपूरच्या हवेत श्वास घेणाऱ्यांना विचारा. तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटमागे कोळसा अणुविजेपेक्षा कितीतरी जास्त माणसे मारतो, फक्त ती एकेक करून, दम लागून मरतात, त्यामुळे बातमी होत नाही. पण हा हिशेब साखरी-नाटेच्या मच्छीमाराला सांगून उपयोग नाही. गरम पाणी समुद्रात सोडल्यावर मासळी राहील का, हा त्याचा प्रश्न आहे, आणि पंधरा वर्षे "होणार-नाही होणार" यात काढलेल्या माणसाची झोप आणि रक्तदाब हाही आरोग्याचाच विषय आहे. तारापूरच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. तिथल्या लोकांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी कोकणात सगळ्यांना पाठ आहेत.

परिघातल्या प्रत्येक तालुक्यात अतिदक्षता विभाग, डायलिसिस आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांची अद्ययावत यादी, कर्करोगाची नोंदणी, पावसाळ्यात घेतलेली स्थलांतराची रंगीत तालीम. ही कामे काँक्रीट पडण्याआधी व्हायला हवीत. प्रकल्प रखडला तरी ती वाया जात नाहीत.

तुमच्या घरापुरते

आयोडीनच्या गोळ्या साठवू नका. पोटॅशियम आयोडाइड फक्त थायरॉइडला आणि फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते, सीझियमपासून नाही. ते संपर्काच्या थोडे आधी किंवा काही तासांत घ्यावे लागते, म्हणून ते प्रशासनाने सांगितल्यावरच घ्यायचे. गरज सर्वात जास्त मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना असते. चाळिशीनंतर फायदा कमी होतो. आयोडीनयुक्त मीठ जास्त खाल्ल्याने केवळ रक्तदाब वाढेल. जखमेवर लावायचे आयोडीन पोटात घेणे धोक्याचे आहे.

थायरॉइड कमी आहे म्हणून रोज गोळी घेत असाल तर अणुऊर्जा केंद्राजवळ राहण्याने ती बिघडत नाही. आणि थायरॉइड वाढला म्हणून ज्यांना पूर्वी आयोडीन-१३१ दिले गेले, त्यांनी घाबरू नये. हे तेच आयोडीन आहे, पण ते दर आठ दिवसांनी निम्मे होते आणि तुमच्या शरीरातून केव्हाच गेलेले आहे.

गावी आईवडील असतील तर त्यांच्या औषधांची यादी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून एका पिशवीत ठेवा, सोबत पंधरा दिवसांच्या गोळ्या. इन्सुलिन असेल तर थंड ठेवायची डबी आणि शेजाऱ्याला सांगून ठेवलेली जागा. ही पिशवी पूर, दरड, चक्रीवादळ, कशातही चालते. निसर्ग वादळात कोकणात दिवसेंदिवस वीज नव्हती, तेव्हा फ्रीजमधल्या इन्सुलिनचे काय करायचे, हे विचारणारे फोन पुण्यापर्यंत आले होते.