पारदाचा हिशेब

रसशाळेतील पारद आणि कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा या दोन भिन्न गोष्टी होत, असे आपण व्याख्यानांतून वारंवार सांगतो. संस्कारित पारदाविषयी तसे म्हणण्याचा वैद्यवर्गाचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. परंतु खल धुऊन मोरीत सोडलेल्या पाण्याला हा भेद ठाऊक नसतो.

जपानमधील मिनामाता येथे चिस्सो कंपनी ॲसिटाल्डिहाइड तयार करताना पाऱ्याचा क्षार उत्प्रेरक म्हणून वापरीत असे. उत्प्रेरक स्वतः खर्ची पडत नाही, असे पुस्तकांत लिहिलेले असते. प्रत्यक्षात त्याचा काही अंश मिथिल पारा होऊन उपसागरात गेला, तेथून मत्स्यांत, आणि पुढे मांजरांच्या व माणसांच्या मज्जासंस्थेत. १ मे १९५६ रोजी या अज्ञात व्याधीची वर्दी स्थानिक आरोग्य केंद्रास दिली ती कारखान्याच्याच रुग्णालयाने. त्याचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १९५९ मध्ये कारखान्याचे सांडपाणी मांजरास अन्नातून दिले. तीच लक्षणे उद्भवली. कंपनीने हा निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही. उलट त्याच वर्षी जलशुद्धीकरण यंत्रणेचे थाटाने उद्घाटन झाले. पारा काढणे त्या यंत्रणेच्या आवाक्यातच नव्हते! शासनाने कारण मान्य केले ते १९६८ मध्ये, आणि उपसागरातील गाळ उपसून भराव घालण्याचे काम संपण्यास १९९० साल उजाडले.

पारा हे मूलद्रव्य आहे. ते जाळून वा कुजून नष्ट होत नाही. जितका विकत घेतला तितका कोठे ना कोठे असतोच. आपल्या किती फार्मसींच्या नोंदवहीत खरेदीचा पारद, कल्पांत गेलेला पारद आणि शिल्लक यांचा मेळ बसतो? लसूण व सैंधवासह मर्दन झाल्यावर उरणारा कल्क, प्रक्षालनाचे धोवण, ऊर्ध्वपातनातील अवशेष हे सर्व जाते कोठे? विक्रीची नोंद मात्र पैपर्यंत चोख असते, हे सांगणे नलगे.

भारताने २०१८ मध्ये मिनामाता करारास मान्यता दिली. पारंपरिक व धार्मिक आचारांत वापरल्या जाणाऱ्या उत्पादनांना त्यातील उत्पादनबंदीतून वगळले आहे, याचे आपल्या मंडळींना मोठे समाधान वाटते. ही सवलत उत्पादनाला आहे, धोवणाला नाही. युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमानुसार टाकाऊ पारा कायमचा साठविण्यापूर्वी त्याचे गंधकाशी संयुग करावे लागते. कज्जली करणाऱ्यांस यात नवल ते काय? पण तेवढ्यावर अभिमान मिरवण्यापेक्षा स्वतःच्या मोरीकडे पाहणे अधिक निकडीचे आहे.

प्रत्येक घाणीपूर्वी व नंतर पारद तोलावा. धोवण निवळू द्यावे. तळाचा गाळ व कल्क घट्ट झाकणाच्या बरण्यांत, चिठ्ठी लावून, अधिकृत घातक कचरा केंद्राकडे सोपवावा. ऊर्ध्वपातन बंद खोलीत करू नये. खलावर बसणाऱ्या कामगाराच्या मूत्रातील पाऱ्याची नियमित तपासणी व्हावी. त्याचा खर्च मालकाने सोसावा, यावर वाद नसावा. अशा नोंदवहीचा एक नमुना संघटनेने आगामी वार्षिक सभेत चर्चेस घ्यावा. तो तयार करून देण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करतो.