‘फाइंड आउट’ म्हणजे बाहेर सापडणे नव्हे

‘फाइंड’ म्हणजे सापडणे, हे आपली मुले लवकर पाठ करतात. पुढे ‘फाइंड आउट’ दिसले की ‘बाहेर सापडणे’ असा अर्थ लावून मोकळी होतात. तसे नाही. किल्ली, चप्पल, चुकलेली शेळी यांना ‘फाइंड’. ‘फाइंड आउट’ला वस्तू चालत नाही, त्याला माहिती लागते. ‘आय फाउंड माय बुक’, पुस्तक सापडले. ‘आय फाउंड आउट द ट्रुथ’, खरे काय ते कळले.

समजा, कवठे महांकाळहून मिरजेची गाडी किती वाजता, हे ठाऊक नाही. स्टेशनात विचारले, फलक वाचला, वेळ कळली. हे ‘फाइंड आउट’. जातीच्या दाखल्याला कोणते कागद जोडायचे, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत कधी संपते, तेही असेच. मराठीत आपण ‘चौकशी केली’ म्हणतो. पण चौकशी करून हात हलवत परत आलो तर ते नुसते ‘आस्क’. उत्तर हाती पडले तरच ‘फाइंड आउट’. कचेरीचे खेटे घातलेल्या मायभगिनींना हा फरक आम्ही काय सांगावा!

कधी न विचारताही कळते. यादी लागते आणि आपल्या मुलाचे नाव नाही हे समजते. तेही ‘फाइंड आउट’च. शिवाय ‘ही वॉज फाउंड आउट’ म्हणजे तो सापडला असे नव्हे, त्याचे बिंग फुटले.

आता एक खड्डा. भूतकाळी ‘फाइंड’चे ‘फाउंड’ होते. पण ‘फाउंड’ नावाचे स्वतंत्र क्रियापदही आहे. त्याचा अर्थ स्थापन करणे, आणि भूतकाळ ‘फाउंडेड’. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तेथे ‘फाउंडेड’च हवे. ‘फाउंड’ लिहिले तर एवढी मोठी संस्था त्यांना वाटेत सापडली असे होईल!

‘डिस्कव्हर’ याच घरातले थोरले. ‘कव्हर’ म्हणजे झाकण, ते दूर करणे. अज्ञात होते ते उजेडात आणणे, असा त्याचा रुबाब. गाडीची वेळ सहसा कोणी ‘डिस्कव्हर’ करीत नाही. इंग्रजी पुस्तकांत मात्र हमखास आढळते की, १८१९ साली जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्याची लेणी ‘डिस्कव्हर’ केली. दहाव्या लेण्यात त्याने आपले नाव कोरले, हे खरे. पण आसपासच्या लोकांना लेणी आधीच ठाऊक होती. तेव्हा आमच्या मते साहेबापुरते ‘फाउंड आउट’ पुरे.

मुलांकडून दोन वाक्ये इंग्रजीत करून घ्या : आईची छत्री सापडली. परीक्षेची तारीख कळली.