वतन गेलें, नजराणा राहिला!

मुंढव्याच्या चाळीस एकर महार वतन जमिनीच्या व्यवहारावरून २०२५ सालीं पुण्यांत केवढा गदारोळ उठला! चौकशा लागल्या, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. पण त्या गलबल्यांत मूळ प्रश्न मागेंच पडला. वतनाची जमीन कोणाची, आणि ती मोकळी करून घेण्यासाठीं तिच्याच धन्यानें सरकारास पैसे कां मोजावे? हा प्रश्न एकट्या पुण्याचा नाहीं. सणसर, भवानीनगर, लासुर्णें या नीरा डाव्या कालव्याखालच्या बागाईत पट्ट्यांत गुंठ्यागुंठ्यास मोल आहे. म्हणून तो आम्ही येथील वाचकांपुढें मुद्दाम मांडतों.

वतन ही कोणीं घातलेली भीक नव्हे. तो करार होता. महारानें गांवाची व सरकारची चाकरी करावी, त्याच्या पोटासाठीं जमीन त्याच्याकडे चालावी. शिवेच्या तंट्यांत त्याचा शब्द प्रमाण मानीत. गांवचा वसूल तालुक्याच्या खजिन्यांत पोंचविण्याचें कामही त्याचेंच. बेदरच्या बादशहानें बावन्न हक्कांची सनद दिली, अशी परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. इंग्रजांनीं १८७४ च्या वतन कायद्यानें हा करार कागदावर बांधला. पण चाकरीस अंत नाहीं आणि मोबदल्यास बरकत नाहीं, अशी त्याची तऱ्हा झाली.

शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं करवीर राज्यांत हीं वतनें मोडून जमिनी रयतावा करून दिल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कौन्सिलांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें बिल आणलें. तें तडीस गेलें नाहीं. उलट महायुद्धाच्या काळांत सरकारनें वतन जमिनीवरील जुडी वाढविली, आणि १९४१ सालीं सिन्नरास परिषद भरवून तिचा निषेध करावा लागला. चाकरीही घ्यावयाची आणि वर जुडीही घ्यावयाची, असा तो दुहेरी न्याय!

स्वराज्यांत १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें रद्द झालीं. चाकरीची बेडी तुटली, हें उत्तमच झालें. पण जमीन मात्र आपोआप मालकीची झाली नाहीं. आकाराच्या ठराविक पटीनें रक्कम मुदतींत भरील त्यासच ती पुन्हा मिळावयाची. न भरील तो वाडवडिलांच्या रानांत अनधिकृत! ज्यानें भरली त्यासही ती नव्या शर्तीनें मिळाली. कलेक्टरच्या परवानगीवांचून विकतां येत नाहीं, वांटतां येत नाहीं. आणि बिनशेतीसाठीं शर्त उठवावयाची म्हटली तर बहुधा बाजारभावाच्या निम्मा नजराणा! कसणाऱ्याच्या घामानें जमीन महागली, कीं सरकारचा वांटाही फुगला.

इंदापूर तालुक्यानें दुसरा न्यायही पाहिला आहे. खाजगी साखर कारखान्यांनीं शेतकऱ्यांकडून खंडानें घेतलेल्या जमिनी १९६१ च्या कमाल धारणेच्या कायद्यानें सरकारकडे गेल्या आणि १९६३ सालीं निघालेल्या शेती महामंडळाच्या ताब्यांत आल्या. रत्नपुरीचा मळा त्यांतलाच. खंडकरी झगडले आणि २०१२ सालीं कायदा सुधारून जमिनी परत देण्याची वाट मोकळी झाली. हें योग्यच झालें. पण खंडाचा करार सरकारास पन्नास वर्षांनीं आठवतो, तर वतनाचा कां आठवूं नये?

कोणी म्हणतील, शर्त उठली कीं दलाल दुसऱ्याच दिवशीं दारांत उभे राहतील. ही भीति खोटी नाहीं. म्हणूनच आम्ही परवानगी काढा असें म्हणत नाहीं. परवानगी हें कुंपण आहे. नजराणा ही सरकारची कमाई आहे. गरिबाची जमीन राखण्यास कुंपण पुरतें, कमाई कशास हवी? वतनदार स्वतः घर बांधील, विहीर पाडील किंवा धंदा घालील, तर त्याजकडून पैही घेऊं नये. जमीन बाहेरच्यानें घेतली, तर नजराणा घेणाऱ्याच्या बोकांडीं बसवावा आणि तो पैसा त्याच गांवच्या वसतिगृहास व विद्यार्थ्यांस लावावा. आजपर्यंत या जमिनींवर किती नजराणा जमा झाला व तो कोठें गेला, याचा तालुकावार हिशोब सरकारनें छापावा. जनतेच्या पैशाचा हिशोब जनतेनें मागणें हा गुन्हा नव्हे.

वतनदार बंधूंनो, तुमच्या आजोबांनीं डोक्यावर वाहिलेल्या खजिन्याची पै न्‌ पै मोजून घेतली जात असे. आतां तुमच्या जमिनीचा हिशोब तुम्ही घ्या. तालुक्याच्या दप्तरांतून दुमाला जमिनींची जुनी नोंदवही, म्हणजे गांव नमुना तीन, आणि आपल्या सर्व्हे नंबरांचे फेरफार यांच्या नकला काढा. चार भावकी एकत्र बसवून त्या वाचा. आणि त्या वाचल्याखेरीज कोणाच्याही मुखत्यारपत्रावर सही किंवा अंगठा करूं नका.