सांधा सदोष, रुग्ण बेपत्ता

खुब्याचा कृत्रिम सांधा निकामी झाला की आपल्याकडे आधी रुग्णाचीच उलटतपासणी होते. मांडी घातलीत का, वजन वाढलं का, व्यायाम चुकवलात का? मूळ सांध्याची घडणच चुकली असेल, ही शंका फार उशिरा येते.

‘एएसआर’ हा सांधा जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीचा. गोळा आणि वाटी, दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमचे. वाटी उथळ होती. ती जराशी कलती बसली तरी भार तिच्या काठावर येई, मधला वंगणाचा पातळ थर टिकत नसे आणि धातूवर धातू घासून अतिसूक्ष्म कण झडत. ते भोवतालच्या मांसात साचत, रक्तातलं कोबाल्ट वाढे. मग दुखणं, सूज, गाठी आणि पुन्हा ऑपरेशन. ऑगस्ट 2010मध्ये कंपनीने जगभरातून हे सांधे मागे घेतले, तोवर सुमारे 93 हजार रुग्णांना ते बसले होते.

ऑस्ट्रेलियाला मात्र धोका 2007मध्येच दिसला होता. तिथे बसवलेल्या आणि बदललेल्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदणी होते, म्हणून. आपण 2006मध्ये आयातीचा परवाना दिला आणि तो रद्द केला 2012मध्ये. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांत तक्रार नोंदवली, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. केंद्राची तज्ज्ञ समिती नेमली जायला मात्र 2017 उजाडलं. भारतात अशा सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्यांतल्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. 2018मध्ये केंद्राने किमान 30 लाखांच्या भरपाईचं सूत्र मान्य केलं, पण ज्यांना कोणी शोधूच शकलं नाही, त्यांच्या हाती काय पडणार?

माणसाच्या हाडात धातू ठोकायचा आणि तो कुणाच्या हाडात आहे हे लिहून ठेवायचं नाही, हा मला अक्षम्य गुन्हा वाटतो. सांध्यांची नोंदणी कायद्याने सक्तीची हवी. सांध्याच्या खोक्यातलं लॉट नंबरचं स्टिकर रुग्णालयाच्या फाइलबरोबर डिस्चार्ज कार्डावरही चिकटवलंच पाहिजे.

तोवर, तुमच्या घरी कुणाचा खुबा 2010पूर्वीच्या चार-पाच वर्षांत बदलला असेल, तर रुग्णालयातून ऑपरेशनचे कागद मागून घ्या. ‘एएसआर’ निघालं तर दुखत नसलं तरी अस्थिरोगतज्ज्ञांना गाठा, एक्स-रे काढा आणि रक्तातलं कोबाल्ट-क्रोमियम तपासून घ्या.