कानातलं गाणं, खिशातलं गाणं

दोन चाकी वाट / वाटसरू

भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमध्ये रस्त्यावर सकाळी उजाडता उजाडता दोन तऱ्हेचे सायकलवाले दिसतात. एक भदभद्याकडे निघालेला. गियरची सायकल, हेल्मेट, अंगाला चिकटलेला टीशर्ट, सीटखाली लुकलुकणारा लाल दिवा आणि दोन्ही कानांत इअरबड्स. दुसरा रात्रपाळी उरकून घरी चाललेला चौकीदार. हँडलला डब्याची पिशवी, कॅरियरच्या स्प्रिंगमध्ये अडकवलेली काठी, शर्टाच्या वरच्या खिशात मोबाइल आणि त्या मोबाइलच्या स्पीकरवर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं चिरकं गाणं. पहिल्याचं आपल्याला कौतुक वाटतं. दुसऱ्याला आपण मनातल्या मनात ‘काय हा कलकलाट’ म्हणतो. माझं मत विचाराल तर या दोघांत दुसऱ्याचंच बरोबर आहे.

सायकलला आरसा नसतो. मागचं जे काही कळायचं ते कानानंच. कोटऱ्यातून डेपो चौराह्याकडे (पाटीवर आता भारत माता चौक आहे, तोंडात डेपोच) रोज जाणाऱ्याला मागून बुलेट येतेय की लोडिंग रिक्षा, हे वळून बघावं लागत नाही. मिनीबसचं तर सगळं गणितच आवाजावर चालतं. कंडक्टरची पत्र्यावर थाप पडली की बस कडेच्या सवारीसाठी डावीकडे अंग टाकणार, म्हणजे थेट तुमच्या पुढच्या चाकासमोर. इंडिकेटर वगैरे नंतर, लागला तर. ही थाप ज्याला ऐकू आली त्याचा हात आधीच ब्रेकवर असतो. कानात गाणं भरलेल्याला बस दिसते तेव्हा ती आडवी झालेली असते.

हा नुसता वडीलधाऱ्यांचा धाक नव्हे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 च्या सुमारास सायकलस्वारांना वेगवेगळ्या तऱ्हेनं गाणी ऐकवून बघितली. कानाच्या आत घट्ट बसणारे इअरफोन दोन्ही बाजूंनी घातले, की थांबण्याचा इशारा अनेकांना ऐकूच गेला नाही. एका कानात साधा इअरफोन असताना मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे दोष गाण्याचा कमी, कानाला मारलेल्या बुचाचा जास्त.

माझा भाचा कोटऱ्यातच राहतो. त्याच्याशी यावरून वाद झाला. त्याचं उत्तर तयार होतं: “मामा, ट्रान्स्परन्सी मोड असतो. बाहेरचं सगळं ऐकू येतं.” येतं हे खरं. बाहेरचा आवाज बारीक मायक्रोफोन टिपतात आणि आत पोचवतात. पण आवाज पुढून आला की मागून, हे आपल्याला बरंचसं कळतं ते कानाच्या पाळीच्या घड्यांमुळे. त्या घड्यांवर आपटून आवाजात जो सूक्ष्म फरक पडतो तो मेंदू वाचतो. इअरबड त्याच खोलगट जागेत जाऊन बसतो. हॉर्न ऐकू येतो, पण कुठून, याचा अंदाज ढळतो. त्यात भोपाळ चढउतारांचं गाव. उतारावर सायकल सुटली की वाऱ्याचा घोंघाट इतका होतो की मोकळ्या कानांनाही मागचं धड कळत नाही. तिथे पोरं काय करतात, तर गाण्याचा आवाज वाढवतात.

मग बंदी आणावी का? हा खेळ नवा नाही. सोनीचा वॉकमन 1979 च्या जुलैत बाजारात आला. पहिल्या मॉडेलला दोन हेडफोन लावायची सोय होती आणि एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि शेजारच्याशी बोलता यायचं. माणूस एकटाच कान झाकून बसला तर ते उद्धटपणाचं दिसेल, अशी कंपनीचे संस्थापक अकिओ मोरिता यांना शंका होती. ती सोय पुढे नाहीशी झाली, एकटेपणा तेवढा विकला गेला. 1982 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या वुडब्रिज गावानं सायकल चालवताना, इतकंच काय, रस्ता ओलांडतानाही हेडफोन घालायला मनाई केली. फ्रान्सनं 1 जुलै 2015 पासून मोटारचालक आणि सायकलस्वार दोघांनाही ती लागू केली, दंड 135 युरो. लंडनमध्ये 2013 च्या नोव्हेंबरात दोन आठवड्यांत सहा सायकलस्वार गेले, तेव्हा महापौर बोरिस जॉन्सनना पहिल्यांदा हेडफोनच आठवले. सायकलवाल्यांच्या संघटना चिडल्या, आणि माझ्या मते रास्त चिडल्या. ट्रक चिरडतो आणि चौकशी कानाची होते.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात मोबाइल वापरणं हे धोकादायक चालवण्यात मोडतं. सायकल मोटार वाहनच नाही, त्यामुळे ती या कलमातून सुटते. सुटलेलीच बरी. कारण काचा वर करून, एसी लावून, आत दणदणीत गाणी वाजवणाऱ्या मोटारवाल्याला बाहेरचं कितीसं ऐकू येतं? त्याला कोणी हटकत नाही. उद्या इथे बंदी आलीच, तर पोलीस पन्नास हजारांच्या सायकलीला अडवेल की चौकीदाराच्या जुन्या ॲटलसला, हे सांगायला ज्योतिषी नको. गंमत म्हणजे फ्रान्सचा नियम कानाला लावायच्या यंत्रापुरता आहे. खिशातल्या मोबाइलला तो लागूच होत नाही. आमचा चौकीदार पॅरिसमध्येही बिनदिक्कत जाऊ शकतो.

त्याला एकदा विचारलंही. म्हणाला, “गाना बंद हुआ तो झपकी आती है, साहब.” रात्रभर खुर्चीत जागलेल्या माणसाला घरापर्यंत जागं ठेवणारं गाणं ही चैन नव्हे. आणि कान दोन्ही उघडे. तलावाकाठी फिरायला आलेल्यांनी त्याच्या आवाजाला नाकं मुरडावीत, त्यांना हक्क आहे. मीही मुरडतो.

खरं तर गाणं ऐकत निवांत सायकल मारता यावी अशी जागा या शहरानं करून बघितली होती. जून 2017 मध्ये इथे भाड्याच्या सायकलींची योजना मोठ्या थाटात सुरू झाली, होशंगाबाद रोडला बीआरटीएसच्या (बससाठीच्या वेगळ्या मार्गिकेच्या) कडेनं सायकल ट्रॅक आखला गेला. पुढे ट्रॅकवर दुचाक्या आणि ठेले उभे राहिले. 2024 च्या जानेवारीत तर बीआरटीएसच उखडायला घेतली. कोटऱ्याच्या वाट्याला असा ट्रॅक तेव्हाही नव्हता. इथला सायकलवाला मिनीबस, आपे आणि दुधाच्या मोटरसायकलींतच वाट काढतो, आणि त्या गर्दीत त्याच्या बाजूनं कोणी असेल तर ते त्याचे कान.

भाच्याशी अखेर तडजोड झाली. वाहनं आपल्याला उजवीकडून ओलांडतात, तेव्हा उजवा कान मोकळा आणि इअरबड फक्त डाव्यात. हँडलला लावायचा छोटा आरसा मी घेऊन दिला होता. तो मात्र त्यानं लावला नाही. म्हणे, त्यानं सायकल अंकल लोकांची दिसते.